भूल देणाऱ्या बाईंना भेटायचंय

मखमलाबाद, नाशिक
८ ऑक्टोबर २००१

ती. लंकाताईंना,

मनीषाचा नमस्कार. वाकून नाही, पडल्या पडल्या केलाय, तरी गोड मानून घ्या.

परवा तुमचा फोन आला तेव्हा मी आतून उठून आले नाही, म्हणून तुम्ही रागावलात असं हे सांगत होते. ताई, तुम्ही फोनवर चांदवडच्या घाटातून हाक मारल्यासारखं बोलता. तेवढं ऐकून वर उत्तरं दिली की पुढचे दोन दिवस माझं डोकं उशीवरून उचलत नाही. पत्र बरं. चार ओळी लिहिते, डोळे मिटते, पुन्हा चार ओळी. हे पत्र शनिवारपासून चाललंय.

बातमी अशी, की माझ्या पित्ताशयात खडे निघालेत. गणपतीत जेवणावरून उठले आणि उजव्या बरगडीखाली अशी कळ आली की भिंत धरून खाली बसले. परवा पुन्हा तेच. सर्जन म्हणाले, लवकर काढून टाका, खडा अडकून कावीळ झाली तर जिवावर बेतेल. दसऱ्याच्या झेंडूची धांदल आटोपली की तीस तारखेला करायचं ठरलंय. दुर्बिणीतून. "दोन दिवसांत घरी, आठवड्यात स्वयंपाकाला," असं म्हणाले.

मी म्हटलं, "डॉक्टर, मला सहा वर्षांपासून क्रॉनिक फटीग सिंड्रोम आहे. मुंबईच्या डॉक्टरांनी निदान केलंय."

"म्हणजे थकवा."

"थकवा नाही, आजार आहे. एकदा मोठा ताप आला, तेव्हापासून. जरा जास्त काम झालं की मागाहून आठ-आठ दिवस उठवत नाही. औषधाचा अर्धा डोससुद्धा जड जातो."

"रिपोर्ट तर सगळे नॉर्मल आहेत. थकवा आम्हालाही येतो हो ताई!" आणि यांच्याकडे बघून हसले. हेही हसले. मला डॉक्टरपेक्षा यांचाच राग जास्त आला.

गेल्या वर्षी दाढ काढली तेव्हा हिरडीत सुई गेल्याबरोबर छाती कशी धडधडायला लागली आणि मग महिनाभर मी कशी अंथरुणात होते, ते तुम्हाला माहीत आहे. तुम्ही तेव्हा विचारलं होतंत, "दाढ काढली का बाळंतपण झालं?" दाढेला ही गत, तर पोटाला काय होईल? म्हणून म्हटलं, भूल देणाऱ्या डॉक्टरांना मला आधी भेटायचंय. तर म्हणे त्या थेट ऑपरेशनच्या वेळी येतात, पेशंटनं भेटायची पद्धत नाही. ज्या माणसाच्या हातात मी जीव देणार, त्याचं तोंड बघायची पद्धत नाही!

तुम्ही दवाखान्यात माझ्याजवळ राहाल का? दुसरं कोण आहे मला? पण एक विनंती आहे. मला भेटायला माणसं आणू नका, आणि मला उठवू नका, चालवू नका. एवढं केलंत तरी पुष्कळ.

तुमची,
मनीषा

*

चांदवड
१३ ऑक्टोबर २००१

चि. मनीषास आशीर्वाद.

तब्येत कशी हाय विचारत नाय, विचारली की तू दोन पानं लिहितीस. माझं सातवीचं शिक्षण, अक्षर लागलं नाय तर महेशकडून वाचून घे.

येणार म्हंजे काय, येणारच. माझ्या भावाच्या बायकोचं ऑपरेशन आणि मी इथं कांद्याचं रोप उपटत बसू का? रानात लावणीला बाया मिळंना, तरी सगळं टाकून येते. पण मनीषा, खरं सांगू का, तुझ्या पत्रानं माझं डोकं उठलं. माझं पिशवीचं ऑपरेशन झालं तेव्हा तिसऱ्या दिवशी मी खळ्यात होते. टाके कुरकुरत होते, तरी होते. पडून राहिलं की अंग आणखी पडतं. मागं संक्रांतीला मी आले तेव्हा तू चांगली हसत होतीस, तिळाच्या वड्या थापल्यास, सुलाबाईच्या सुनेला उखाणा सांगितलास. तेव्हा कुठं गेला होता तुझा तो फटीग?

ऑपरेशनला अंगात ताकद पाहिजे. अजून पंधरा दिवस हायेत. रोज सकाळी पाटाच्या कडंनं चालायला लाग. पहिल्या दिवशी त्रास होईल, मंग सवय होईल. मी महेशलाबी फोन करून सांगितलंय की तिला रोज घेऊन जायाचं, ती नाय म्हणाली तरी.

भूल देणारीला कशाला भेटायचं? ती भूल देणार, तू झोपणार. तिच्याशी काय सोयरीक करायची हाय का?

डिंकाचे लाडू करून आणते.

लंकाताई

*

मखमलाबाद
२३ ऑक्टोबर २००१

लंकाताई,

तुमच्या फोनचा गुण आला. हे रोज उजाडताच मला पाटावर न्यायला लागले. मी नाही म्हटलं, तर म्हणाले, "ताई काय वाईट सांगतीय का?" पहिल्या दिवशी जमलं. दुसऱ्या दिवशी पाय शिशाचे झाले, तरी गेले, कारण घरात आधीच मी कामचुकार म्हणून नाव आहे. चौथ्या दिवशी पुलाजवळ बसले ती उठलेच नाही. यांनी फुलांच्या टेम्पोत घालून घरी आणलं. तेव्हापासून खोलीत अंधार करून पडले आहे. भांडं पडलं तरी डोक्यात घण बसतो. घास चावायचाही कंटाळा नाही, ताई, ताकद नाही. या दोन्हींत फरक आहे, आणि तो सहा वर्षं सांगून माझी जीभ झिजली.

सर्जननी तारीख पुढे ढकलली. म्हणाले, "अशक्तपणा फार दिसतोय, आधी जरा खाऊन-पिऊन चालत्या-फिरत्या व्हा." चालत्या-फिरत्या! मला हसूही येईना. खडे मात्र पोटात आहेत तिथेच आहेत. भात-वरणाशिवाय काही खाल्लं की भीती वाटते.

आता स्पष्ट लिहिते, वाईट वाटलं तर वाटू द्या. तुम्ही येऊ नका. ऑपरेशन कधीही होवो, मी एकटी पडून राहीन, पण मला आणखी कोणी सुधारायला यायला नको.

मनीषा

*

चांदवड
२९ ऑक्टोबर २००१

मनीषा,

तू येऊ नको म्हणालीस, म्हणून मी दसऱ्याला आले. भांडायलाच आले होते, खोटं कशाला बोलू. तू दोन्ही दिवस मला नीट बोलू दिलं नाय, निघताना झोपली होतीस, म्हणून लिहिते.

सकाळी आले तर महेश बाजारात, तुमची पोरगी शेजारी, दार नुसतं लोटलेलं. तू कॉटवर बसली होतीस. अर्धे केस विंचरलेले, अर्ध्यांचा गुंता, फणी मांडीवर. मला वाटलं, हिला माझं येणं आवडलं नाय म्हणून बोलत नाय. मंग कळलं की तुझा हातच वर जात नव्हता. फणी मी घेतली. तू डोळे मिटले. मी खालून एकेक बट धरून गुंता सोडवला.

मंग संध्याकाळी गल्लीतले लोक सोनं द्यायला आले. आणि काय बघते, तू उठलीस! हिरवी साडी नेसलीस, टिकली लावलीस, भिमाजी मास्तरांच्या बायकोला पेढा दिलास, तिच्या नातवाचं कौतुक केलंस, हसलीस. मला असा राग आला! म्हटलं, सकाळी माझ्यापुढं नाटक केलं काय हिनं? शेवटचा माणूस गेला, महेश त्यांना पोचवायला बाहेर गेला, आणि तू दाराला कडी लावायला गेलीस ती तिथंच भिंतीला धरून खाली घसरलीस. मी पाणी आणलं तर पेलाबी धरवंना. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तू कूस बदलली नाय. मी दोनदा नाकाशी हात धरून बघितलं.

मंग माझ्या ध्यानात आलं. सहा वर्षं मी पाहुणी म्हणून येते आणि मला हिरव्या साडीतलीच मनीषा दिसते. मी आले की तू उठतीस, मी गेले की पडतीस, असंच ना? अगं मंग सांगायला काय झालं होतं? तू हसत वड्या थापायच्या आणि मी खुळीनं तुला आळशी म्हणत गावभर फिरायचं! माझा तुझ्यावरचा राग गेलेला नाय, फक्त कारण बदललंय.

आता पुढचं ऐक. शनिवारी स्टँडवर जाते म्हणून निघाले ती हॉस्पिटलात गेले. काउंटरवरची पोरगी म्हणाली, "मॅडम आत आहेत, भेटणार नाहीत." म्हटलं, "बाहेर तर येतील ना? घरी जायला त्यांना दुसरं दार हाय का?" बाकावर बसले. दिवस मावळायला आला तेव्हा आल्या. बारीक अंगाची बाई, थकलेली. मी तुझं सगळं सांगितलं, दाढेचंसुद्धा. मला वाटलं हसतील. हसल्या नाय. म्हणाल्या, दाढेच्या सुईत रक्त थांबायला एक औषध घालतात, त्यानं काहींना धडधडतं. आणि म्हणाल्या, "हा आजार मी फारसा पाहिलेला नाही, खोटं सांगणार नाही. पण ज्याला औषध जड जातं म्हणतात त्याला मी थोडं देऊन बघते, मग वाढवते. त्यांना घेऊन या, मी स्वतः बोलेन. नसतील येऊ शकत तर मला फोन करा."

बाईचा आवाज हळू हाय. तुला चालंल.

लंकाताई

*

मखमलाबाद
५ नोव्हेंबर २००१

ती. लंकाताईंना,

तुमचं पत्र उशाशी ठेवून तीनदा वाचलं. पहिल्यांदा रडले, मग मला तुमचाच राग आला, की सांगितलं नाही म्हणता! सांगत नव्हते का मी? तोंडानं सांगत होते ते तुम्ही ऐकलं नाहीत, डोळ्यांना दिसलं ते खरं धरलंत. पण तुमचंही एक खरं. तुम्ही येणार असं कळलं की मी आधीपासून काम बंद करून पडून राहते, तुमच्यासमोर उभं राहता यावं म्हणून. पडलेली दिसले तर आळशी, उठलेली दिसले तर बरी. मधलं कोणाला दिसतच नाही. दाखवायची लाज वाटते ताई. फुलं खुडणाऱ्या घरात मी सून म्हणून आले, पहाटे ओल्या शेतात सगळ्यांच्या पुढे असायचे. ती मनीषा लोकांना दिसावी असं वाटतं, दुसरं काय?

भूल देणाऱ्या बाई फोनवर बोलल्या. मीच दमून थांबले, तर म्हणाल्या, "घाई नाही." एवढे दोन शब्द मला सहा वर्षांत एकाही डॉक्टरनं म्हटले नव्हते. त्या दिवशी सकाळी पहिलं ऑपरेशन माझंच घेणार आहेत, म्हणजे उपाशीपोटी वाट बघत राहायला नको. आदल्या दिवशीच भरती करून सलाईन लावणार. उलटी होऊ नये म्हणून आधीच औषध. आणि दोन दिवसांत घरी पाठवायची घाई करू नका असं त्या सर्जनना सांगणार आहेत. सर्जन नाराज आहेत. यांना म्हणाले, "तुमच्या घरचे लोक हॉस्पिटल चालवायला निघालेत." यावेळी हे हसले नाहीत. "चालवायचं नाही डॉक्टर, फक्त माझ्या बायकोला परत न्यायचंय," असं म्हणाले म्हणे. मला मागाहून कळलं. तोंडावर सांगतील तर शपथ!

तारीख वीस नोव्हेंबर. तोवर मी काही करणार नाही. फराळ नाही, रांगोळी नाही, हार ओवणं नाही. सगळी दिवाळी नुसती पडून काढायची. शेजारणी म्हणतात, एवढ्याशा ऑपरेशनला इतकी तयारी? लोकांच्या तयारीत धावपळ असते, माझ्या तयारीत पडून राहणं, म्हणून ती कोणाला तयारी वाटत नाही.

भाऊबीजेला या आणि राहा. ऑपरेशननंतर मला बोलता येणार नाही. तेव्हा तुम्ही बोला. तुमचा तो घाटातला आवाज, तो दाराबाहेर वापरा. आत नको.

मनीषा

*

चांदवड
१० नोव्हेंबर २००१

चि. मनीषास,

येते. भाऊबीजेलाच येते. लाडू आणत नाय, तुला सोसायचे नाय.

खोलीत उजेड किती, पंखा किती, अगरबत्ती लावायची का नाय, कोणत्या कुशीवर, हे सगळं मला महेशनं फोनवर सांगितलं. दोनदा सांगितलं. मला काय बाळ समजता काय तुम्ही दोघं? शेवटी मीच त्याला म्हटलं, आता पुन्हा सांगितलंस तर ऑपरेशन तुझंच करीन.

एकच घोर हाय. माझे दीर रावजीभाऊ म्हणतात, आपण सगळे जीप करून बघायला जाऊ, सोयऱ्यांत बरं दिसतं. मी नको म्हणाले. ते म्हणाले, "लोक मेल्यावर जातात, आपण जिवंतपणी चाललोय तर तुला वावडं?" बघू ऐकतात का.

लंकाताई

*

मखमलाबाद
२७ डिसेंबर २००१

ती. लंकाताईंना,

ऑपरेशननंतर हे पहिलं पत्र. किती दिवस लिहितेय ते विचारू नका. हात कापतो, अक्षर तुमच्यासारखं आलंय.

तुम्ही गेल्यावर मला हळूहळू आठवायला लागलं, आणि काही यांनी सांगितलं. आत नेलं तेव्हा भूल देणाऱ्या बाईंनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, "मनीषाताई, मी थोडं थोडं देतेय, इथेच आहे." मग काही नाही. जाग आली तेव्हा अंग पाण्याखाली असल्यासारखं, आणि कुठून तरी तुमचा आवाज.

नर्स म्हणत होती, "आजी, आज संध्याकाळी पेशंटला उभं करायचंच असतं."

"करायचंच असतं तर कॉटवर बसव आणि पाय खाली सोड. उभी ती उद्या राहील. तुमच्या मॅडमला विचार. आणि आजी कोणाला म्हणतीस?"

तिनं विचारलं. बाईंनी "पाय हलवत राहा, बसवा, बाकीचं उद्या" असं सांगितलं. मला फार वाटलं की डोळे उघडून तुमच्याकडे बघावं. नाही जमलं.

जीपचं मला दुसऱ्या दिवशीही कळलं नव्हतं. हे आत्ता आत्ता बोलले. रावजीभाऊ, तुमच्या दोन्ही जावा, लंगडत आलेल्या कुसाबाई मावशी, सगळे खाली फाटकाशी. आणि तुम्ही जिन्यात उभ्या राहून म्हणालात, "वर कोणी येणार नाय." रावजीभाऊ म्हणाले, "वहिनी, आम्ही परके का?" तर तुम्ही म्हणालात, "परके असते तर मी पाया पडून परत पाठवले असते. आपले हायेत म्हणून सरळ सांगते, जा." त्यांना फाटकावरूनच परत फिरावं लागलं. कुसाबाई मावशी रडल्या म्हणे. ताई, मला हे ऐकून काय वाटलं ते लिहिता येत नाही. त्या घरात तुम्हाला राहायचंय. मला थोडंच तिथे राहायचं होतं?

माझं म्हणाल तर जखमा भरल्या. पोटात कळ नाही. पण मी आजारात खोल गेले ती गेलेच. तीन आठवडे न्हाणीघरापर्यंत यांच्या खांद्यावर. आता कॉटवर टेकून बसते, दुपारी घटकाभर पोरीचं वाचन ऐकते. दाढेच्या वेळी गेले होते तितकी खोल मात्र गेले नाही. मला तो फरक कळतो. बाकी कोणाला कळेल असं वाटत नाही, आणि हेच सांगायला बसले होते.

कारण परवा सर्जनकडे दाखवायला गेले. पोट दाबून बघितलं, कागद बघितले, आणि खूश होऊन म्हणाले, "बघा! सगळं नॉर्मल. काही झालं का? उगाच घाबरून घर डोक्यावर घेतलं होतंत."

ताई, एवढं सगळं केलं म्हणून काही झालं नाही, आणि काही झालं नाही म्हणून ते सगळं उगाच! मला ओरडावंसं वाटलं. पण ओरडले असते तर घरी येऊन दोन दिवस पडावं लागलं असतं. गप्प बसले. त्यांच्यावर खर्च करायला माझ्याकडे तेवढी ताकद नाही.

तुमच्या घरी अजून तसंच आहे का? कळवा.

मनीषा

*

चांदवड
३ जानेवारी २००२

चि. मनीषास,

तुझं पत्र वाचून मी पहिल्यांदा त्या डॉक्टरच्या नावानं अंगणात बोटं मोडली. लाल कांदा काढणाऱ्या बाया बघत राहिल्या. मी तिथं असते तर बोलले असते आणि तुझ्या वाटचंबी बोलले असते. तू गप्प बसलीस ते बरं केलंस. ताकद सांभाळ.

घरी तसंच हाय. रावजीभाऊ माझ्या हातचा चहा घेत नाय, स्वतःच्या घरी जाऊन घेतात. जावा गोड बोलतात, पण मला सोडून. कुसाबाई मावशीकडं मी गेले होते. म्हटलं, "मावशी, तुम्हाला बघून तिनं उठून साडी नेसली असती आणि तुम्ही गेल्यावर पडली असती. मंग तिला उठवायला कोण येणार होतं?" मावशीनं दुखरा पाय लांब केला, चोळला. मंग म्हणाल्या, "आता जाऊन तिला लांबून बघितलं तर चालंल का?" मी म्हटलं, विचारते. ही विचारणा समज. तुला नको असलं तर सरळ नाय म्हण, मी सांगीन. मला सांगायची सवय झालीय.

तू विचारतीस मला पस्तावा होतो का. तू लिहिलं नाय तसं, पण विचारतीस. नाय होत. राग मात्र येतो. तुझं हे दुखणं बरं होणारं नाय हे मला आता कुठं कळायला लागलंय, आणि मला काहीतरी करायची सवय. धुणं म्हण, भांडण म्हण, मला करता येतं. ह्याला काय करायचं तेच कळत नाय, म्हणून चिडते. तुझ्यावर नाय.

येत्या बुधवारी येते. सकाळच्या गाडीनं. एकटीच. माझ्यासाठी उठू नको, तयारी करू नको, चहाबी महेशला करू दे. तू डोळे मिटून पडलेली असलीस तरी मी तुझ्याजवळ बसंन. बोलणार नाय. हातात काही काम नाय, असं मला जन्मात बसता आलेलं नाय, पण बसते. तुला कंटाळा आला तर हात हलव, मी बाहेर ओट्यावर जाईन.

लंकाताई